बांधापासून दोन हात अलीकडे

जैबू,

त्या दिवशी तू आत गेलीस आणि मी बाहेर राहिले. इतकी वर्षं तुझ्या माहेरच्या कब्रस्तानात आपलं नेमकं उलटं चालायचं. मी छत्री घेऊन कबरींमधून फिरायचे आणि तू पडक्या भिंतीच्या खिंडारातल्या त्या सपाट दगडावर कॅमेरा लावून मला हातानं सांगायचीस. डावीकडे. अजून डावीकडे. थांब. तुझा पंजा वर झाला की मी श्वास रोखून उभी राहायचे. फोटोत मी बोटाच्या पेराएवढीसुद्धा दिसणार नाही हे माहीत असूनही.

बोलते आहे तुझ्याशी, पण वाचणार आहेत अमेय आणि सई. माझ्या या दूर राहणाऱ्या नातवंडांना तू ठाऊक आहेस ती स्क्रीनवरची फोटोआजी म्हणून, माझ्या खांद्यामागून डोकावून "जेवलात का रे?" विचारणारी. आपण दोघी दफनभूमींचे फोटो का काढत फिरतो असं मुलं विचारायची आणि मी दर वेळी म्हणायचे, मोठे व्हा, मग सांगेन. ती मोठी झाली आणि तू गेलीस. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही इथे येतील. मध्ये मध्ये दुरुस्त्या करू नकोस.

मुलांनो, जैबू आणि मी सांगलीच्या एकाच शाळेत शिकवत होतो. ती चित्रकला, मी इंग्रजी. निवृत्तीनंतर मी साताऱ्याच्या पुढच्या एका गावाबाहेर झुडपांत बुडालेल्या ख्रिस्ती कबरींवरची अक्षरं वाचायला गेले, आणि ही सोबत म्हणून आली, गळ्यात नवा कॅमेरा अडकवून. मी हातरुमालानं दगड पुसून नावं वाचत होते. घरी येऊन तिचे फोटो पाहिले तर त्यांत माझा दगड नखाएवढा, बाकी सगळं माळरान, एक बाभूळ आणि शेळ्या.

मी विचारलं, अक्षरं कुठे आहेत?

"अक्षरं तू वाचलीस की. मी शेजार काढलाय."

हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मला नाव हवं असायचं, तुला शेजार. माणूस कुठे निजलाय, त्याच्या उशाला काय आहे, पायथ्याशी कुणाचं शेत आहे, सकाळी सावली कुठून येते. मिरजेकडच्या लिंगायतांच्या दफनभूमीत तू हळदीचं रान फोटोत यावं म्हणून मला एका समाधीपाशी इतका वेळ उभं केलंस की राखणदार येऊन विचारून गेला, आजी, चक्कर आली का. गोसाव्यांच्या समाध्यांपाशी नदीच काढलीस, समाध्या एका कोपऱ्यात. मी चिडायचे आणि तू म्हणायचीस, "तुझी छत्री आली आहे ना फोटोत? मग झालं. उंची कळते." माझी काळी छत्री आपल्या प्रत्येक फोटोत आहे. तू तिला आपली तिसरी मैत्रीण म्हणायचीस.

एक नियम मात्र मी घातला होता आणि तो तू पाळलास. फोटो काढायचे ते कारखान्याची ऊसतोड होऊन रानं मोकळी झाल्यावरच. उभ्या उसात वाट दिसत नाही, भिंत दिसत नाही, सापकिरडाची भीती. शिवाय प्रकाश स्वच्छ. माधवनगरच्या माझ्या घरात गावांप्रमाणे लावलेल्या खोक्यांत जेवढे फोटो आहेत त्यांत कुठेही ऊस उभा नाही. ही चूक आहे असं आपल्या दोघींच्याही डोक्यात कधी आलं नाही. माणसं काही तोड झाल्यावरच मरत नाहीत.

आता तुझ्या माहेरच्या कब्रस्तानाबद्दल. रहिमतपूरहून आत, कालव्याच्या पलीकडे. इतर ठिकाणी तू बिनधास्त फिरायचीस, दगडावर बसून डबासुद्धा खायचीस. पण तुझ्या माहेरी बायका कब्रस्तानात जात नाहीत आणि तू तो दंडक कधी मोडला नाहीस. मी वाद घातला. शिकलेली बाई तू, आईच्या कबरीवर माती घालायला आत का जात नाहीस? तू शांतपणे कॅमेऱ्याची काच पुसत म्हणालीस, "मला एकदाच जायचंय आत. ते पण चालत नाही."

अम्मांची कबर कच्ची. दगड नको, नाव नको, असं त्या स्वतःच सांगून गेल्या होत्या. तुझा भाऊ होता तोवर दर पावसाळ्यानंतर माती ओढून उंचवटा करायचा. तो गेला आणि जमीन सपाट झाली. मग ती जागा फक्त तुलाच ठाऊक राहिली, तीही बाहेरून. भिंतीच्या खिंडारातल्या त्या दगडावर उभं राहिलं की समोर कब्रस्तान, त्याच्या पलीकडच्या कडेला बांध, बांधामागे सुभेदारांचं रान आणि रानात मोटेच्या जुन्या विहिरीचे दोन दगडी खांब. अम्मा त्या दोन खांबांच्या बरोबर मधल्या रेषेत, बांधापासून दोन हात अलीकडे. एवढाच त्यांचा पत्ता. दर वर्षी तू मला हातानं हलवत हलवत तिथे नेऊन उभी करायचीस आणि फोटो घ्यायचीस. त्या फोटोंत अम्मांची खूण म्हणून मी उभी आहे, हातात छत्री, डाव्या-उजव्या खांद्यामागे एकेक खांब.

मी म्हणायचे, निदान एक साधा धोंडा ठेवू. नाव नको, नुसता धोंडा. तू म्हणायचीस, अम्मानं नको सांगितलंय. मी म्हणायचे, मग उद्या ती सापडणार कशी?

"तुला कशाला सापडायला पाहिजे? मला दिसते."



गेल्या माघात मात्र तुझा पंजा वर झालाच नाही. मी आत उभी. तू मला मागे सरकवलंस, पुढे घेतलंस, पुन्हा मागे सरकवलंस आणि शेवटी हात खाली सोडलास. तुझ्यापाशी आले तर तुझा चेहरा उतरलेला. खांबांच्या मध्ये मी बरोबर येत होते, पण मागचा बांध फार जवळ वाटत होता. "वसू, बांध पुढं आलाय." मला तसं काही दिसलं नाही. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी म्हणाले, तुझे डोळे अजून बसले नसतील, अंतराचा अंदाज चुकतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी छत्री मिटण्यात वेळ काढला.

तेवढ्यात सुभेदार मोटारसायकलवरून आले. लष्करातून निवृत्त झालेला, अजून ताठ चालणारा माणूस. तुझ्याहून लहान, एकाच आळीत वाढलेला. तुला जैबूआक्का म्हणणारा आणि तुझ्या तोंडून अजून बाळ्याच असलेला. त्यांनी गाडी बंदसुद्धा केली नाही.

"आवं आक्का, दरसाली किती फोटू काढतासा? सातबाऱ्यावर चिकटवायचं हाय काय?"

"तुझा बांध चालायला लागलाय रं, बाळ्या," तू म्हणालीस. "चालताना फोटोत गावला पायजे."

सुभेदारांनी गाडी बंद केली. खाली उतरले. हसू गेलं होतं. म्हणाले, माझ्या आज्याचा बांध हाय, कुणाच्या बापाला न्हाई म्हणायची छाती न्हाई. तू तोंड उघडलंस आणि मी तुझा दंड धरला. चल जैबू, उन्ह चढलं. तुला जवळजवळ ओढतच एस. टी.च्या थांब्याकडे नेलं. वाटेत तू एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलास, मला गप्प का केलंस? मी म्हणत राहिले, गावात भांडण पेटायला वेळ लागत नाही, आणि तुला खात्री तरी कुठे आहे? त्या वर्षीचा फोटो निघालाच नाही. कऱ्हाडला उतरून तू घरी जायला मलकापूरच्या रिक्षात बसलीस, मी सांगलीच्या गाडीत. निरोपाला हात हलवला नाहीस.

नंतर फोनवर आपण शंभर गोष्टी बोललो. लोणच्याच्या, गुडघ्यांच्या. बांधाचा विषय दोघींनीही काढला नाही.

मग समीरचा फोन आला. भाद्रपद संपत आला होता. तुझा मुलगा फार रडत नव्हता, फार घाईत होता. "मावशी, अम्मी गेली." आणि लगेच, "मावशी, नानीची जागा तुम्हाला ठाऊक आहे ना?"

तू त्यालाही सांगून ठेवलं होतंस आणि मलाही, की मला अम्माशेजारी ठेवा. पण नानीच्या वेळी समीर पाळण्यात होता. तुझे दीर म्हणत होते, मलकापुरात सासरचं कब्रस्तान आहे, तिथेच करू, जागा ठाऊक नसताना मय्यत घेऊन गावोगाव फिरायचं का? त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं की समीरनं पुढे जायचं. दुपारच्या नमाजाच्या आत जागा सापडली तर तुला माहेरी आणायचं. नाही सापडली तर मलकापूर.

मी तुझ्या गावाचं खोकं उचललं, छत्री घेतली आणि शेजारच्या मुलाला गाडी काढायला लावली. वाटभर फोटो मांडीवर. मनात एकच, की मी त्या जागेवर इतक्या वेळा उभी राहिले आहे, माझ्या पायांना ती कळेलच.

कळली नाही, जैबू. त्या दगडावर चढले आणि फोटो डोळ्यांसमोर धरला. समोर कब्रस्तानात गुडघाभर गवत. त्यापलीकडे बांध आणि बांधाला लागून भिंतीसारखा उभा ऊस, दोन पुरुष उंच. विहीर नाही, खांब नाहीत, काही नाही. माझ्या हातातल्या फोटोत उघडं रान आणि डोळ्यांसमोर हिरवा पडदा.

आत समीर आणि कबर खणायला आलेले तुझे दोन चुलतभाऊ फावडी घेऊन माझ्याकडे पाहत उभे. समीरचा फोन सारखा वाजत होता. तो म्हणत होता, चाचा, पाच मिनिटं. थोड्या वेळानं पुन्हा, चाचा, पाच मिनिटं. एक भाऊ म्हणाला, बाई, अंदाजानं सांगा की, सगळी आपलीच माणसं हाईत हितं. मला ते पटलंही असतं. पण तू अंदाजानं कधी पंजा वर केला नाहीस.

मी म्हणाले, सुभेदारांना बोलवा.

कुणालाच ते आवडलं नाही. माघातलं बोलणं गावभर झालं होतं. पण ते आले, पायीच, डोक्यावर टोपी. तू गेल्याचं कळलं होतं. माझ्याकडे न बघता उभे राहिले. मी म्हणाले, सुभेदार, मला विहिरीचे खांब दिसायला हवेत. मधला ऊस पाडावा लागेल. त्यांनी विचारलं, कशापायी? तेव्हा मला फोटो दाखवावा लागला. चार वर्षांपूर्वीचा. त्यात मी होते, खांब होते, आणि माझ्या मागे त्यांचा बांध होता.

त्यांनी फोटो हातभर लांब धरून पाहिला. फार वेळ पाहिला. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते, तो बरोबर बांधावर होता. मला वाटलं, आता हा माणूस फोटो परत करील आणि म्हणेल, कारखान्याची तोड येऊ द्या. त्यांनी फोटो परत केला आणि ते निघून गेले. समीरचा फोन पुन्हा वाजला.

मग उसातून आवाज आला. खच्, खच्. ते विहिरीपाशी जाऊन तिकडून आपल्या बाजूला पाडत येत होते. सरी विहिरीकडून सरळ भिंतीकडे येते, म्हणून वाट चुकायचं कारण नव्हतं. त्यांचा गडी दुसऱ्या सरीत. ऊस आडवा पडताना शेंडे थरथरायचे आणि थरथर जवळ यायची. सगळे त्या थरथरीकडे बघत उभे. शेवटचे ऊस पडले आणि त्या बोळातून मला खांब दिसले. आधी उजवा, मग दगडावरच थोडी सरकले तेव्हा डावाही.

मी समीरच्या हातात माझी छत्री दिली आणि तुझ्यासारखा हात केला. डावीकडे. अजून. थोडं उजवीकडे. तो बांधाच्या बाजूनं हळूहळू सरकत खांबांच्या मधोमध आला आणि माझा पंजा आपोआप वर गेला. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायला वेळ नव्हता.

"मावशी, रेषा कळली. पण किती पुढं?"

मी म्हणाले, बांधापासून दोन हात अलीकडे.

 तुझा चुलतभाऊ बांधापाशी जाऊन हातानं माप घ्यायला वाकला. मला कळत होतं की आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं आहे: माघात तुझे डोळे चुकले होते की बांध सरकला होता. डोळे चुकले असतील तर तो मोजतो आहे ती जागा बरोबर. बांध सरकला असेल तर आपण तुला दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीवर नेऊन ठेवणार होतो आणि कुणाला कधी कळणारही नव्हतं. हे जाणणारा एकच माणूस होता. तो हातात कोयता घेऊन आपल्याच पाडलेल्या उसात उभा होता. मी त्याला विचारलं नाही. समीरनंही नाही. फावडं पहिल्यांदा मातीत गेलं.

"ह्यो बांध धरू नगा."

सुभेदार हे मोठ्यानं म्हणाले नाहीत. फावडं मात्र थांबलं. ते वळले, पाडलेल्या उसात एक पाऊल मागे सरले, पायानं पाचट बाजूला केलं आणि कोयत्याचं टोक मातीत रोवलं.

"जुना हितनं हुता. हितनं मोजा."

तुझ्या चुलतभावानं तिथून मोजलं. दोन हात अलीकडे म्हणजे आजच्या बांधाचा पायथा. अम्मा अर्ध्या बांधाखाली होत्या, जैबू. माघात तू मला ज्या जागेवर नेऊन उभी करत होतीस, मागे सरकवत होतीस, तीच जागा.

तुझ्या चुलतभावाचा हात फावड्यावर आवळला गेला. तो एक शब्द बोलला असता तर तिथे काय झालं असतं सांगता येत नाही. समीरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोन कानाला लावून म्हणाला, "चाचा, आणा." मग अम्मांच्या अलीकडची मोकळी जागा दाखवून म्हणाला, "हितं खणा." सुभेदारांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि फावडं मागितलं. भावानं जरा वेळ दिलं नाही. मग दिलं.

तू आलीस तेव्हा मी दगडावरून खाली उतरून भिंतीबाहेर उभी होते. आत मला कुणी अडवलं नसतं. पण तुझं माहेर होतं, तुझा दंडक होता. खिंडारातून मला फक्त पाठी दिसल्या, आणि गवतात रोवून ठेवलेली, समीर परत द्यायला विसरलेली माझी छत्री.

सगळे पांगल्यावर सुभेदार माझ्यापाशी आले. हात मातीचे. म्हणाले, बाई, त्यो फोटू ठिवणार हायसा? मी म्हणाले, मी सगळे फोटो ठेवते. त्यांनी मान हलवली. "तोड झाली की बांध मागं घेतो. आक्काच्या आईनं लय भाकरी घातल्यात मला." मी विचारलं नाही, की मग बांध पुढे आणताना त्या भाकरी कुठे गेल्या होत्या. तू विचारलं असतंस.

त्यावरूनच गेले पंधरा-वीस दिवस तुझ्याशी भांडते आहे. तू म्हणणार, माघात मला बोलू दिलं असतंस तर तेव्हाच निकाल लागला असता, माझ्या अम्मावरनं एवढे महिने उसाचं पाणी वाहिलं नसतं. मी म्हणते, तेव्हा तुमचं दोघांचं बोलणं तुटलं असतं तर त्या दुपारी कोयता घेऊन कोण आलं असतं? तू म्हणणार, त्याची गरजच पडली नसती. मग मी उठून चहा ठेवते. पण तुझ्या अम्मांच्या उशाला मी धोंडा ठेवायला सांगत होते, त्याचं काय? त्यावर तू गप्प. बरोबरीत आहोत.

एक गोष्ट मात्र तुला तोंडावर सांगायला हवी होती. तुझे डोळे नीट होते, जैबू. शेवटपर्यंत नीट होते.

आणि शेजार. अक्षरं नसलेल्या बाईचा पत्ता तुझ्या शेजारानं सांगितला हे खरं, पण शेजारही उठून चालायला लागतो हे त्याच फोटोत कळलं. तेव्हा तुझं पूर्ण जिंकणं मी अजून मान्य केलेलं नाही.

मुलांनो, सुट्टीत आलात की तुम्हाला तिथे नेईन. सई, तू आत जायचं की नाही ते तुझं तू ठरव, फोटोआजीनं कुणाला कधी अडवलं नाही. तिनं फक्त स्वतःला अडवलं.

जैबू, समीरनं तुझा कॅमेरा मला दिला आहे. मला नीट वापरता येत नाही, शिकते आहे. तोड पौष-माघात येईल. मी त्या दगडावर उभी राहीन आणि आत छत्री घेऊन समीर. बांध मागे गेला असेल तर फोटो काढीन. गेला नसेल तरी काढीन. आणि सुभेदार आले, बोलायला लागले, तर या वेळी उन्ह कितीही चढलं तरी मी निघणार नाही.